शहरात हरवले, शहरातच सापडले



ऑक्टोबर महिना जवळ आला आहे. ख्रिस्तसभा हा महिना पवित्र रोझरीचा म्हणून पाळते. ७ तारखेला रोझरीच्या मातेचा सण येईल आणि आपल्या धर्मग्रामातही रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी रोझरी होईल. त्या निमित्ताने आज एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

सोमवारी आणि शनिवारी आपण आनंदाची रहस्ये म्हणतो. त्यांतील चौथे आणि पाचवे रहस्य म्हणजे एका गरीब जोडप्याच्या शहरातील दोन फेऱ्या आहेत. शहर येरुशलेम आणि जोडपे मरिया व योसेफ. पहिल्या फेरीत चाळीस दिवसांचे बाळ मंदिरात अर्पण करायचे होते. कोकरू परवडत नव्हते, म्हणून नियमशास्त्राने गरिबांसाठी सांगितलेली पाखरांची जोडी त्यांनी नेली. वृद्ध शिमोनाने बाळाला हातात घेतले, देवाची स्तुती केली आणि त्याच तोंडाने आईला सांगितले की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. दुसऱ्या फेरीत मुलगा बारा वर्षांचा होता. सण आनंदात पार पडला आणि परतीच्या वाटेवर मुलगा हरवला.

मग ख्रिस्तसभा या दोन्ही घटना आनंदात का मोजते? ज्या आईचे मूल तीन दिवस सापडत नाही, तिला जाऊन विचारा, हा आनंद आहे काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी रोझरीवर पत्र लिहिले आणि प्रकाशाची पाच नवी रहस्ये आपल्याला दिली. त्याच पत्रात त्यांनी दाखवून दिले आहे की, आनंदाच्या शेवटच्या दोन रहस्यांत आनंद आहेच, परंतु पुढे येणाऱ्या दुःखाची चाहूलही आहे. म्हणजे हा आनंद भेसळ नसलेला आनंद नव्हे. तो आपल्या संसारासारखा आनंद आहे.

आपल्या भागातील एका जोडप्याचा अनुभव येथे सांगतो. त्यांनी तो पापनिवेदनात नव्हे, तर अंगणात खाटेवर बसून आम्हाला सांगितला आणि इतरांना उपयोग होत असेल तर अवश्य लिहा म्हणाले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. ते कोण असतील, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये. वाचताना आपलेच घर डोळ्यांसमोर आणावे.

पाच एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. लग्नाला बावीस वर्षे झालेली. दोघे मिळून कुठे बाहेर गेले असे कधी घडलेच नव्हते. मुलाच्या आजारपणात बाईंनी वांद्र्याच्या मोत माउलीला नवस बोलला होता. मुलगा बरा झाला, पण नवस राहून गेला. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठ दिवस तेथे जत्रा भरते. त्या जत्रेला जायचे आणि जमल्यास मुंबईही पाहायची, असे ठरले. बाईंनी भिशीचे पैसे काढले. यवतमाळहून एस.टी.ने धामणगाव, तेथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस आणि सकाळी दादर.

पहिलाच दिवस वाईट गेला. दादरला बाई लोकलच्या लेडीज डब्यात चढल्या, नवरा जनरल डब्यात. वांद्रे आले तेव्हा तो उतरला. बाईंना गर्दीने दारापर्यंत येऊच दिले नाही. त्या पुढे खारला उतरल्या. पिशवी, पैसे आणि मोबाइल नवऱ्याकडे होते. नंबर पाठ होता म्हणून बरे! एका अनोळखी मुलीने स्वतःचा फोन दिला. तरी दोघांची भेट व्हायला दीड तास लागला. भेटल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण झाले भांडण. दोघांचेही म्हणणे एकच होते : मला वाटले तुमचे लक्ष आहे, मला वाटले तुझे लक्ष आहे. त्यात भर म्हणजे लॉजवाल्याने फोटोत दाखवलेली खोली वेगळी आणि दिलेली वेगळी. भिंतीला ओल आणि पाणी फक्त पहाटे.

दुसऱ्या दिवशी मात्र डोंगरावरच्या बॅसिलिकेत त्यांना मिस्सा मिळाली. सध्याचे हे मंदिर १९०४ सालचे आहे आणि १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. जत्रेत हिंदू, मुसलमान, पारशी, सगळेच येतात. बाहेर मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे विकायला असतात. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते मेणाचे घेऊन तो मातेपुढे ठेवतो. बाईंनी मुलासाठी मेणाचे बाळ घेतले आणि पक्के घर व्हावे म्हणून एक मेणाचे घरही घेतले. नवऱ्याने काहीच घेतले नाही. खाली समुद्राजवळ बसल्यावर बाईंनी सहज विचारले, "तुम्ही काय मागतलं?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कर्ज फिटू दे म्हटलं."

तीन वर्षांपूर्वी बोअर मारले होते. पाणी लागले नाही. त्यासाठी एका खासगी सावकाराकडून घेतलेली रक्कम व्याजासह वाढत गेली होती आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

बाई रडल्या. त्यांनी आम्हाला सांगितले की राग पैशाचा नव्हता. त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघाले होते, "मले काहून नाही सांगतलं?" संध्याकाळी ते गेटवे ऑफ इंडियाला गेले. तिथे दोघांनी फोटो काढला, पण त्या फोटोत दोघांचेही चेहरे उतरलेले आहेत. परतीच्या गाडीत बाई जवळजवळ बोलल्याच नाहीत. पहाटे बडनेरा आले तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद-पेन काढले आणि म्हणाल्या, "एकूण किती ते सांगा. मी लिहून घेतो."

बंधू-भगिनींनो, ही सहल चांगली झाली की वाईट? पाहुण्यांनी विचारले तर काय सांगायचे? गेटवेवरून एक गोष्ट आठवते. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली मुंबईत उतरले, त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून ही कमान बांधली गेली. परंतु ते उतरले तेव्हा दगडी कमान तेथे नव्हतीच. ती पूर्ण झाली १९२४ साली. ज्यांच्या येण्यासाठी ती बांधली, त्यांना येताना ती दिसली नाही! आपल्याही प्रवासाचे पुष्कळदा असेच होते. जे पाहायला गेलो ते मनासारखे दिसत नाही आणि जे मागाहून उभे राहते, त्याचा पाया मात्र त्याच दिवशी पडलेला असतो.

आता पुन्हा नाझरेथच्या जोडप्याकडे वळू या. नाझरेथहून येरुशलेमची वाट सुमारे सव्वाशे किलोमीटरची होती, आपल्या यवतमाळ ते नागपूर अंतराहून थोडी कमी. ती पायी, तीन-चार दिवसांची. नियमशास्त्राप्रमाणे सणाला जाणे पुरुषांवर बंधनकारक होते. तरीही मरिया दरवर्षी योसेफाबरोबर जात असे, असे संत लूक सांगतात. परतताना मुलगा सोबतच्या लोकांत असेल, असे त्यांनी धरून चालले. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर त्यांना कळले की तो कुणाजवळच नाही.

आपल्याला वाटते, संत कुटुंबात असे कसे घडले? घडले, कारण धरून चालणे ही चांगल्या माणसांचीही सवय असते. नवरा धरून चालतो की बायकोला घरची काळजी नाही. बायको धरून चालते की नवऱ्याला सांगून उपयोग नाही. दोघे एकाच वाटेवर चालत असतात आणि मधले काहीतरी मोलाचे मागे राहून जाते.

परंतु हरवल्याचे कळल्यावर त्यांनी काय केले, ते पाहा. तू लक्ष ठेवायला हवे होतेस, असे कोणी कोणाला म्हटल्याची नोंद शुभवर्तमानात नाही. दोघेही मागे फिरले, त्याच शहरात गेले. मुलगा सापडला तेव्हा मरियेने त्याला विचारले. त्या विचारण्यात तिने स्वतःच्या आधी योसेफाचे नाव घेतले : तुझा पिता आणि मी, आम्ही दोघे कष्टी होऊन तुला शोधत होतो.

येथे थोडे थांबू या. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. तो अबोल माणूस असावा. मग त्याच्या काळजातले दुःख मरियेला कसे माहीत होते? आपण दोघेही कष्टी आहोत, हे तिने इतक्या खात्रीने कसे सांगितले? कारण योसेफ गप्प होता, पण लपवत नव्हता. त्या तीन दिवसांत त्याचा चेहरा, त्याची घाई, त्याचे पाणावलेले डोळे तिने पाहिले होते. कमी बोलणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार होतो. जिथे लपवणे शिरते, तिथे माणूस एका छपराखाली राहूनही एकटा पडतो.

आपल्या जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर्ज आणि नापिकी यांमुळे विदर्भात किती संसार उद्ध्वस्त झाले, हे आपण जवळून पाहिले आहे. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले. कर्जमाफ्या झाल्या, योजना आल्या, तरी दुःख संपले नाही. अशा घरी सांत्वनाला गेल्यावर आम्ही एक गोष्ट एकापेक्षा अधिक वेळा ऐकली आहे : कर्जाचा खरा आकडा बायकोला कळला तो नवरा गेल्यानंतर. पावसाचे आपल्या हाती नाही, कापसाच्या भावाचे नाही. पण सांगणे आपल्या हाती आहे. वेळीच सांगितलेला आकडा कितीही मोठा असला तरी तो दोघांत वाटला जातो.

फ्रेंच कॅथॉलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी समस्या आणि रहस्य यांत फरक केला आहे. समस्या आपल्यासमोर असते. आपण तिच्या बाहेर उभे राहून तिची उकल करतो. रहस्यात आपण स्वतःच गुंतलेले असतो, त्याच्या बाहेर उभे राहताच येत नाही. सावकाराचे देणे ही समस्या आहे. तिच्यावर उपाय शोधता येतो, आणि तो शोधलाच पाहिजे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तिची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि अर्ज लिहायला मदत हवी असेल तर धर्मगुरूंच्या घराचे दार उघडे आहे. परंतु पती-पत्नीचे नाते ही समस्या नव्हे, ते रहस्य आहे. म्हणूनच रोझरीत आपण रहस्य हा शब्द वापरतो. मंदिरात येशूने दिलेले उत्तर मरिया व योसेफ यांना समजले नाही, असे शुभवर्तमान उघडपणे सांगते. समजले नाही, तरी तिघे एकत्र नाझरेथला गेले. मरियेने सर्व गोष्टी अंतःकरणात जतन केल्या, आणि येशू त्यांच्या आज्ञेत राहिला. सगळे समजल्यावरच घरी जाऊ, असे म्हटले असते तर ते घरी पोहोचलेच नसते!

त्या जोडप्याचे देणे अद्याप फिटलेले नाही. पक्के घरही झालेले नाही. बाईंचा राग पूर्ण गेला आहे असेही नाही. कधीकधी तो मध्येच वर येतो, असे त्या स्वतः म्हणतात. पण तो कागद आता घरात खिळ्याला अडकवलेला आहे आणि प्रत्येक हप्ता दिल्यावर दोघे मिळून त्यावर खूण करतात. ख्रिस्तसभा आनंदाच्या रहस्यांत ज्या आनंदाची गणना करते, तो याच जातीचा आहे. काहीच हरवले नाही, असा हा आनंद नव्हे. हरवलेले शोधायला दोघे मिळून मागे फिरले, तेव्हा मिळालेला हा आनंद आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना नेहमी तीन शब्दांची आठवण करून देत. विचारून घेणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या पत्रातही त्यांनी हे सांगितले आहे. त्यांच्या जोडीला आपल्या धर्मग्रामासाठी एक चौथी गोष्ट सुचवतो : सांगून टाकणे. या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी पती-पत्नींनी मुले झोपल्यावर आनंदाचे चौथे व पाचवे रहस्य एकत्र म्हणावे. मग दिवा मालवण्यापूर्वी एकमेकांना एवढेच विचारावे : मला माहीत नाही असे कोणते ओझे तुम्ही वाहत आहात? उत्तर आले तर मध्ये बोलू नये, लगेच हिशेब मागू नये. उत्तर आले नाही तर रागावू नये, पुढच्या शनिवारी पुन्हा विचारावे. ज्यांचा जोडीदार देवाघरी गेला आहे, त्यांनी हाच प्रश्न आपल्या मुलाला, सुनेला किंवा शेजाऱ्याला विचारावा.

हे पवित्र मरिये, हे संत योसेफा, तुम्हीही शहराच्या गर्दीत घाबरून फिरला आहात. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक पती-पत्नीसाठी विनंती करा. आमच्यातील जो कोणी ओझे लपवून एकटा चालत आहे, त्याला बोलण्याचे धैर्य द्या आणि ऐकणाऱ्याला मोठे मन द्या. जे मागे राहून गेले आहे, ते शोधायला आम्ही दोघे मिळून मागे फिरावे आणि तुमच्या पुत्रासह घरी पोहोचावे. आमेन.

आपले धर्मगुरू