चिरंतनाची आशा आणि केडगाव

पंडिता रमाबाईंविषयी अलीकडे जे लिहिले व बोलले जाते, ते पूर्वीच्या मानाने पुष्कळच उदार झाले आहे, यात संशय नाही. ज्या समाजाने त्यांना हयातीत प्रथम डोक्यावर घेतले आणि धर्मांतरानंतर झिडकारले, त्याच समाजातील सुशिक्षित मंडळी आज त्यांच्या स्मरणार्थ व्याख्याने योजतात, त्यांची पुस्तके पुन्हा वाचतात व त्यांच्या धैर्याची मुक्तकंठाने प्रशंसा करतात. परंतु या औदार्याला एक अट जोडलेली असते. ती कोणी उघड बोलून दाखवीत नाही, तरी प्रत्येक व्याख्यानात ती गृहीत धरलेली असते. रमाबाईंची चिकाटी ही सर्वांची ठेव, त्यांची ख्रिस्तावरील निष्ठा व सार्वकालिक जीवनाची आशा ही मात्र त्यांची खासगी बाब, असा हा वाटणीचा लेख असतो. आणि त्यावर ख्रिस्ती मंडळीतील आमचे पुष्कळसे बांधवही, आपल्या एका बाईचा गौरव होत आहे एवढ्याच समाधानाने, खळखळ न करता सही करून मोकळे होतात. ही वाटणी मला मान्य नाही. तीत रमाबाईंच्या धर्माचा अपमान होतो हे माझ्या तक्रारीचे कारण दुय्यम. मुख्य कारण हे की, तिच्यायोगे त्यांचे कार्यच अनाकलनीय होऊन बसते.

ख्रिस्ती आशेवर घेतले जाणारे इतर आक्षेप येथे फार विचारात घेण्याचे कारण नाही. मार्क्सने १८४४ साली धर्माला दिलेली अफूची उपमा ज्यांना अजून पुरेशी वाटते, त्यांनी केडगावातील रमाबाईंच्या मुक्ति सदनाचे एका दिवसाचे कामकाज डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे अफू घेतलेला माणूस इतके काम करीत नाही हे त्यांच्या ध्यानी येईल. धर्मांतर हे आमिषानेच होते असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की, ज्या धर्मांतराने रमाबाईंनी आपला लौकिक व बहुतेक सर्व स्वकीय गमावले, त्यात आमिष कोणते होते. आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवला की दारिद्र्य व आजार दोन्ही पळतात, असे व्यासपीठावरून सांगणारे आमच्यातील नवे उपदेशक पौलाची पत्रे वाचीत नाहीत, यापलीकडे त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही.

वाटणी करणाऱ्यांचे म्हणणे मात्र असे एका वाक्यात निकालात काढता येत नाही; कारण ते सद्भावाने केलेले असते, आणि वरवर पाहता त्याला रमाबाईंच्या चरित्रातच आधार सापडतो. हे लोक म्हणतात, बाप्तिस्मा १८८३ सालचा. पण त्या बाईंची सोसण्याची शक्ती त्याच्याही आधीची आहे. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही मुलगी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह तीर्थामागून तीर्थ पायी चालली. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेलेली तिने पाहिली. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. आणि इतके झाल्यावरही, कडेवर तान्ही मुलगी मनोरमा असता, ती पुण्यात आर्य महिला समाज स्थापते व शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निर्भयपणे साक्ष देते. मग ही चिकाटी ख्रिस्ती आशेने दिली असे कसे म्हणता? ती उपजतच होती. आशा हे तिच्यावर मागाहून चढविलेले वस्त्र. वस्त्र बदलले तरी माणूस तोच राहतो.

या युक्तिवादातील पुरावा खरा आहे, पण अनुमान चुकीचे आहे. रमाबाईंमध्ये सोसण्याची विलक्षण शक्ती पूर्वीपासून होती, हे कोण नाकारील? परंतु आपल्यावर कोसळलेले संकट सोसून उभे राहणे आणि दुसऱ्याच्या असाध्य दुःखापाशी आपण होऊन जाऊन आयुष्यभर तेथे ठाण मांडणे, या दोन निराळ्या शक्ती आहेत. पहिली निसर्ग पुष्कळांना देतो. नाही तर संवत १९५६ च्या मोठ्या दुष्काळातून कोणी जगलेच नसते. दुसरी निसर्गतः येत नाही. किंबहुना जो एकदा उपासमारीतून वाचला आहे, त्याची स्वाभाविक प्रवृत्ती त्या उपासमारीपासून जन्मभर दूर राहण्याची असते. रमाबाई मात्र १८९६–९७ च्या दुष्काळात, ज्या भुकेने आपले आईवडील नेले तशाच भुकेच्या मुलखात, म्हणजे मध्य प्रांतात, स्वतः गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. हे पाऊल पूर्वीच्या सोशिकतेची पुढची पायरी नव्हे. ते तिच्या नेमके उलट दिशेला पडलेले आहे.

आणि याच ठिकाणी वाटणी करणाऱ्यांची दृष्टी कशी आखूड पडते ते पाहावे. ते ज्या रमाबाईंवर प्रेम करतात, त्या शारदा सदनाच्या रमाबाई आहेत. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत निघालेले व पुढे पुण्यास आलेले ते सदन उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. त्या शिकल्या म्हणजे शिक्षिका होतील, स्वतःच्या पायावर उभ्या राहतील, समाजाला उदाहरण घालून देतील, असा हिशेब त्यात होता. तो रास्तच होता. आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे लोक १८९३ साली मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून दूर होईपर्यंत त्या हिशेबावर विश्वास ठेवूनच सल्लागार मंडळात बसले होते. परंतु केडगावच्या मुक्ति सदनात असा हिशेब लागूच होत नाही. तेथे दुष्काळातून उचलून आणलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या, अनाचारास बळी पडलेल्या, आंधळ्या, वेडसर, म्हाताऱ्या अशा सर्वांना जागा होती. यांतील कित्येक तेथे पोहोचूनही वाचल्या नाहीत; कित्येकींचे आयुष्य सुधारण्यासारखे राहिलेच नव्हते. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांवर गेली होती. तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना, गाईगुरे, विहिरी, आंधळ्यांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण ही सारी कामे तेथे चालत. आणि ज्यांना यांतले काहीच करता येत नव्हते, त्यांनाही तेथून कोणी घालवून देत नसे. सुधारणेचा इतिहास ज्यांना कधी आपल्या जमेस धरणार नव्हता, अशा माणसांवर एवढे श्रम का खर्च करावेत, याचे उत्तर केवळ सामाजिक प्रगतीवर विश्वास ठेवणाऱ्याजवळ नाही. कारण प्रगतीला फळ लागते ते जगणाऱ्यांत आणि मागून येणाऱ्यांत. जी मुलगी आठवड्याभरात मरणार आहे, तिला न्हाऊमाखू घालून धुतलेल्या अंथरुणावर निजवणे हे प्रगतीच्या दृष्टीने निष्फळ आहे. ते निष्फळ नाही असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याला मरणापलीकडे काही मानावेच लागते. मग ते त्याने स्पष्ट म्हणावे वा न म्हणावे.

येथे बुद्धिवादी सुधारक आगरकरांचे नाव घेतले जाईल, आणि ते घेतले जावेच. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहणाऱ्या, दम्याने जर्जर झालेल्या आणि १८९५ साली अकाली गेलेल्या त्या पुरुषाने स्वर्गाच्या आशेवाचून जे सोसले, त्यापुढे मी नतमस्तक आहे. चिकाटी ही ख्रिस्ती लोकांची मिरासदारी आहे असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझे म्हणणे एवढेच की, आगरकरांची चिकाटी आणि रमाबाईंची चिकाटी यांची घडण निराळी आहे. आगरकर सत्याखातर एकाकी उभे राहिले, रमाबाई निरुपयोगी ठरलेल्यांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या, आणि हा फरक दोघांच्या स्वभावांतून उलगडत नाही, दोघे अंतिम म्हणून काय मानीत होते त्यातून उलगडतो.

यावर वाटणी करणारे शेवटचा आश्रय घेतात तो सांत्वनाचा. बरे तर, ते म्हणतात, त्या आशेने बाईंना बळ मिळाले असेल. दुःखी जीवाला पुढे सुख आहे असे वाटले की तो तग धरतो, हे मानसशास्त्रही सांगते. ही सवलत मला मूळ आक्षेपाहून अधिक घातक वाटते. कारण तीत ख्रिस्ती आशेचा अर्थ भरपाई असा धरलेला आहे. इहलोकी जे तोट्यात गेले ते परलोकी व्याजासह वसूल होईल, असा. आणि जर आशा म्हणजे भरपाई असेल, तर आक्षेपकांचे सारे म्हणणे मला कबूल करावे लागेल. भरपाई मिळणार म्हटली की तोटा कसा झाला याची चौकशी थांबते, तोटा करणाऱ्याविरुद्ध फिर्याद तहकूब होते, आणि सोसणाऱ्याच्या दुःखाला स्वतःचा असा काही अर्थ उरत नाही. ते केवळ खर्चाच्या बाजूचा आकडा होते.

नव्या करारातील आशा भरपाईची नाही, पूर्ततेची आहे. आणि या दोहोंमधील भेद हा मला या सर्व प्रश्नाचा गाभा वाटतो. पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना दर्शन देतो, तेव्हा त्याच्या हातांत खिळ्यांचे व्रण तसेच आहेत, आणि थोमाला तो तेच व्रण दाखवितो. भरपाईचा नियम असता तर गौरवी शरीरावरून ते पुसून टाकले गेले असते. हानी भरून निघाल्यावर तिची खूण कशाला हवी? पण ती राहिली आहे, कारण सोसलेले रद्द झालेले नाही, ते सिद्धीस गेले आहे. पौलाने क्षणिक संकट आणि भावी गौरवाचा भार एकापुढे एक ठेवले आहेत हे मी जाणतो, आणि त्या तुलनेवरून त्याला भरपाईच अभिप्रेत होती असे म्हणणारे भाष्यकारही आहेत. परंतु तोच पौल संकट गौरवाला जन्म देते, निर्माण करते असे म्हणतो. आणि रोमकरांस लिहिताना तशाच तुलनेपाठोपाठ सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे सांगतो. बाळ ही वेणांची भरपाई आहे असे कोणतीही आई म्हणणार नाही. वेणा ज्याच्यासाठी होत्या, ते म्हणजे बाळ.

भरपाईची आशा माणसाला गप्प बसविते. पूर्ततेची आशा त्याला गप्प बसू देत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात वेदीखाली असलेले हुतात्म्यांचे आत्मे, म्हणजे ज्यांना स्वर्ग मिळालेला आहे असे लोक, न्यायाला आणखी किती विलंब, असे मोठ्याने विचारताना दिसतात; त्यांच्या फिर्यादीवर स्वर्गप्राप्तीनेही पडदा पडलेला नाही. रमाबाईंच्या आयुष्यात याचा दाखला हवा असेल तर १८९७ साल पाहावे. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू असता सरकारी इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात, आणि आपल्या आश्रमातील एका मुलीच्या बाबतीत काय घडले, याविषयी त्यांनी ‘बाँबे गार्डियन’ पत्रात उघड तक्रार केली, आणि ती साहेबी राज्याला झोंबली. ज्या सरकारच्या धर्माचा त्यांनी स्वीकार केला असे त्यांचे विरोधक म्हणत, त्याच सरकारशी भांडताना त्यांना परलोकाच्या आशेचा अडथळा झाला नाही. इंग्लंडातील आपल्या धर्मगुरूंशी व तेथील मठातील सिस्टर जेराल्डीनशी धर्ममताच्या प्रश्नावर वाद घालतानाही तो झाला नव्हता.

मनोरमाबाईंच्या मृत्यूकडे मी याच दृष्टीने पाहतो. आईमागून मुक्ति सदन सांभाळण्यासाठी जिला तयार केले होते, ती एकुलती एक मुलगी १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाईंची प्रकृती तोवर ढासळली होती. अनेक वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्या पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत आल्या होत्या, आणि ते अद्याप पुरे व्हावयाचे होते. त्यांनी ते पुरे केले. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस त्या वारल्या. आणि केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी जुळविलेल्या खिळ्यांतून, १९२४ साली तो ग्रंथ छापून निघाला. मनोरमेच्या मृत्यूनंतरच्या या आठ-नऊ महिन्यांचे वर्णन करताना वाटणी करणारे लेखक ‘अलौकिक मनोधैर्य’ हे शब्द वापरतात आणि पुढे जातात. त्या शब्दांनी काहीच सांगितले जात नाही. वारस गेला असता वारसा सिद्ध करीत बसणे हे धैर्य असू शकते, तसाच तो नुसता हट्टही असू शकतो. आपल्या हातून अपुरे राहील ते एका समर्थ हातात आहे, हा विश्वास त्या दोहोंत भेद करतो. मनोरमेच्या जाण्याने झालेले रमाबाईंचे नुकसान भरून येण्यासारखे नव्हते, आणि ते भरून येईल अशी त्यांची अपेक्षाही दिसत नाही. त्या कामाला लागल्या होत्या.

हे सारे मी वाटणी करणाऱ्यांना उद्देशून लिहीत असलो, तरी खरा दोष आमच्या मंडळ्यांचा आहे, आणि तो बोलून दाखविल्यावाचून मला राहवत नाही. अंत्यविधीच्या वेळी आपण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय वाचतो. त्यातील पुनरुत्थानाची घोषणा ऐकून शोक करणाऱ्यांना धीर येतो, आणि वाचन बहुधा मरणाच्या पराभवाशी थांबते. पण पौल तेथे थांबलेला नाही. प्रभूच्या कामी केलेले श्रम व्यर्थ नाहीत, म्हणून स्थिर राहा व काम वाढवीत जा, असा त्या अध्यायाचा शेवट आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात तो यरुशलेमातील गरिबांसाठी काढावयाच्या वर्गणीच्या व्यवस्थेकडे वळतो. या दोन वाक्यांमध्ये आज जी अध्यायाची भिंत दिसते, ती पौलाची नव्हे. ती तेराव्या शतकात घातली गेली. करिंथच्या मंडळीने हे पत्र प्रथम ऐकले, तेव्हा मरणाचा पराभव आणि वर्गणीची सूचना ही दोन्ही त्यांच्या कानी एका ओघात पडली. आणि सूचना अशी होती की, प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही रक्कम आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी प्रभू उठला त्या दिवशी, बाजूला काढून ठेवावी.