गुण मातीचा कीं माणसाचा?

एखाद्या वस्तूचा गुण कोणाच्या नांवावर जमा करावयाचा, हा प्रश्न वरवर व्यापाऱ्याचा वाटतो. परंतु किंचित् खोल पाहिलें असतां तो नीतिशास्त्राचा आहे असें दिसून येतें. कारण ज्याचा गुण त्याचें श्रेय, आणि ज्याचें श्रेय त्याचा हक्क, अशी ही सांखळी आहे. या प्रश्नाचा विचार करण्यास फ्रान्समधील बर्गंडी प्रांताइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल. तेथें पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळे राखून वाइन करणारीं कुटुंबें आहेत, आणि आपल्या मालाचें श्रेय स्वतःकडे न घेतां जमिनीकडे देण्याची त्यांची रीत आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. वाइनचा थेंबहि न चाखणाऱ्यास हा वाद समजण्यासारखा आहे. कारण तो मूलतः वारशाचा वाद आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. दिजाँ शहरापासून दक्षिणेस बोन शहराच्या पलीकडेपर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांबीची एक अरुंद उतरण आहे. तिचें तोंड बहुतेक पूर्वेकडे. तांबड्या वाइनसाठीं पिनो न्वार आणि पांढऱ्या वाइनसाठीं शार्दोने, या मुख्यतः दोनच जातींच्या वेली तेथें लावतात. वेलीची जात एक, करण्याची रीत बहुतांशीं एक. तरी एका शेताची वाइन बांधापलीकडच्या शेताहून निराळी लागते, असा तेथील लोकांचा शतकानुशतकांचा अनुभव. म्हणून त्यांनीं या उतरणीचे स्वतंत्र नांवांचे तुकडे पाडले. त्यांस ते 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ तुकडे २०१५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घातले. तेथील नामांकित बाटलीवर मोठ्या अक्षरांत द्राक्षाची जात नसते, शेताचें नांव असतें.

आतां जमीन हें काम करते तरी कसें? चुनखडीच्या शेतांतील वाइनला चुनखडीची चव येते, अशी समजूत लोकप्रिय आहे. परंतु शास्त्र तिला आधार देत नाहीं. मुळांवाटे वेलींत शिरणारीं खनिजद्रव्यें अत्यल्प असतात. जमीन जें करते तें आडमार्गानें करते. उतरणीच्या मधल्या पट्ट्यांत चुनखडी व चिकणमाती यांचें मिश्रण असतें. पाणी तेथें सांचत नाहीं आणि अगदींच आटतहि नाहीं. वेलीला जेमतेम पुरेल इतकेंच पाणी मिळालें म्हणजे ती पानांचा पसारा आवरते, मणी लहान धरते आणि रस दाट होतो. रात्रीची जड गार हवा उतरणीवरून सपाटीवर जाते, त्यामुळें मधला पट्टा हिंवापासून बराच बचावतो. तळाच्या सुपीक सपाटीवर वेल फोफावते खरी, पण वाइन सामान्य निघते. म्हणजे या जमिनीची थोरवी औदार्यांत नसून हात राखून देण्यांत आहे!

येथवर पाहिलें तर सारें श्रेय मातीचें ठरतें. परंतु दुसरी बाजूहि तितकीच बळकट आहे. ही उतरण आज जशी दिसते तशी निसर्गानें दिलेली नाहीं. १०९८ सालीं स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनीं पुढील शतकांत व्हूजो येथें वेली लावल्या व मागाहून भोंवतीं भिंत घातली. १३९५ सालीं बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें, भरपूर पण हलका माल देणाऱ्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम सोडला. पावसानें उतरणीची माती खालीं वाहून येई. ती पाटींत भरून पाठीवरून पुन्हां वर नेऊन टाकणें हें मजुरांचें ठराविक काम असे. १८७८ सालीं फायलॉक्सेरा हा अमेरिकेंतून आलेला सूक्ष्म कीटक या भागांत आढळला; तो वेलींच्या मुळांवर जगणारा. उपाय निघाला तो असा कीं, अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम करावयाचें. रोमाने-कोंती हें अवघ्या १.८ हेक्टरांचें जगप्रसिद्ध शेत जुन्या मुळांवर १९४५ पर्यंत तग धरून होतें. शेवटीं तेंहि उपटावें लागलें, आणि १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत त्याची वाइन निघालीच नाहीं. तेव्हां ज्या मुळांच्या द्वारें ही माती आज बोलते, तीं मुळेंच परक्या वंशाचीं आहेत.

रोजे दियों या फ्रेंच भूगोलवेत्त्यानें १९५९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, उत्तम वाइन जमिनीपेक्षां बाजारपेठ, वाहतुकीची सोय आणि श्रमावर खर्च करण्याची ऐपत यांतून निपजली. १९७६ सालीं पॅरिस येथें नांवें झांकून परीक्षा झाली, तींत फ्रेंच परीक्षकांनींच तांबड्या व पांढऱ्या दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. पांढऱ्यांत मागें पडलेल्या फ्रेंच वाइन बर्गंडीच्याच होत्या. आमच्या नाशिककडे तर वेल हिंवाळ्यांत झोंपत नाहीं. एकदां उन्हाळ्याच्या आरंभीं व एकदां पावसाळा सरतांना अशी दोनदां छाटणी करून शेतकरी फळाचा हंगाम स्वतःच ठरवितो. तेथें निसर्ग कोठें संपला आणि कसब कोठें सुरू झालें, हें कोणी सांगावें?

मग थोर कोण? आमच्या मतें प्रश्न असा मांडणेंच सदोष आहे. जिला आपण माती म्हणतों, तींत मागील माणसांचे श्रम मुरलेले आहेत; साधूंची निवड, मजुरांच्या पाट्या आणि कलम करणाऱ्यांचे हात वजा केले तर उरेल तें रान. तथापि श्रमानें वाटेल तें होतें असेंहि नव्हे. कितीहि पाट्या वाहिल्या तरी सपाटीची उतरण होत नाहीं, आणि पूर्वेचें ऊन कोणास विकत आणतां येत नाहीं.

यावरून जी गोष्ट निघते ती मालकांस फारशी सुखावह नाहीं. "थोर आहे ती आमची जमीन, आम्ही केवळ सेवक," हें बोलणें नम्रतेचें वाटतें. पण ती जमीन ज्याच्या नांवावर आहे, त्याच्या तोंडीं तें अभिमानाचेंच दुसरें रूप होऊं शकतें. आमच्या समाजास हा प्रकार अपरिचित नाहीं. गुण कुळाचा आहे, माझा नव्हे, असें म्हणतां म्हणतां माणूस त्या गुणाचा सर्व मान मात्र स्वतः घेत आला. वतनदारानें पूर्वजांचें नांव सांगितलें, आणि वतनाची शेतें कसणाऱ्यांचें नांव कोणी विचारलें नाहीं. बाटलीवर शेताचें व मालकाचें नांव असतें. पाटी वाहणाऱ्याचें नसतें. वारशाच्या नम्रतेंत ही एक फसवणूक लपलेली आहे, आणि ती करणारा बहुधा स्वतःच प्रथम फसतो.

वारसा आपोआप गुण देत नाहीं, याचें प्रमाण त्या व्हूजोच्या भिंतीआडच आहे. फ्रेंच राज्यक्रांतींत मठाची ती मालमत्ता विकली गेली. पुढें विक्रीनें व वांटण्यांनीं तिचे तुकडे होत गेले, आणि आज सुमारे ५० हेक्टरांच्या त्या एका कुंपणांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कायद्यानें त्या सर्व जमिनीस अत्युच्च प्रत दिली आहे. परंतु तींतून निघणारी वाइन सारखी नसते. कांहीं तुकड्यांच्या जागेंत फरक आहे हें खरें. पण पुष्कळसा फरक राखणाऱ्यांत आहे. जमीन संधि देते, साक्ष मात्र माणसाची घेते.

शिवाय ही संधि चिरंतन आहे असेंहि नाहीं. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून जुळविल्या गेल्या आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ ते २०१८ या काळांत ती सरासरी १३ दिवस आधीं आली. हवा तापली, आणि साधूंनीं शतकें खर्चून जो मेळ बसविला तो हलूं लागला. ज्या धुरानें हें घडलें तो त्या उतरणीवरचाच नव्हे. जगांतील सर्वांच्या चुलींचा, कारखान्यांचा व गाड्यांचा आहे. म्हणजे ज्यांस त्या शेताचें नांवहि ठाऊक नाहीं, तेहि त्याच्या वारशांत भागीदार झाले आहेत. मात्र लाभाचे नव्हे, हानीचे!

आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें. आमच्या मतें वारशानें आलेल्या प्रत्येक चांगल्या वस्तूकडे याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे, मग ती जमीन असो, विद्या असो वा घराण्याचा लौकिक असो. ती आपल्या खात्यावर जमा नसते, नांवें पडलेली असते. घेणेकऱ्यांपैकीं पुष्कळ अनामिक आहेत व वारलेले आहेत, त्यांस परतफेड करतां येत नाहीं. म्हणून ती पुढें येणाऱ्यांस, आणि आज पाटी वाहणाऱ्यांस, करावयाची. ज्या कुटुंबानें हें ओळखलें, त्यानें आपल्या जमिनीचा अभिमान खुशाल बाळगावा. इतरांनीं तिच्या थोरवीविषयीं बोलण्यापूर्वीं आपण तिला काय दिलें, याचा हिशेब आधीं मांडावा.