चुलीची जागा

मार्चअखेर जवळ आली होती. पंचायत समितीच्या बैठकीत रोज एकच विचारणा व्हायची : उद्दिष्ट किती, पूर्ण किती? मराठवाड्यातल्या एका गावात एका आजीचं घरकुल तेवढं बाकी होतं. स्लॅब पडला होता, दार बसलं होतं, भिंतीवर प्रधानमंत्री आवास योजनेचं नावही रंगवून झालं होतं. शेवटचा फोटो काढायला तरुण अभियंता आली.

सरपंच म्हणाले, "मॅडम, आजीला दारात उभं करा अन् फोटो अपलोड करा. गाव शंभर टक्के!"

ती आधी आत गेली. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, दोरीवर लुगडं. चूल कुठेच नाही. परसात तुराट्यांच्या आडोशाला आजी भाकरी थापत होती. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"आजी, आत का नाही करत?"

"आत धूर कुठून जावा, माय? गवंडी म्हणला, ओटा-खिडकीचं मागून बघू, आधी फोटोपुरतं उरकू."

अभियंता सरपंचांकडे वळली. "पूर्वीच्या इंदिरा आवासमध्ये घर किमान 20 चौरस मीटरचं होतं. या योजनेत ते 25 केलं, ते स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेसकट. ती जागाच नसेल, तर हे घर पूर्ण कसं लिहू?"

"एका ओट्यासाठी आकडा अडवता? आजीचा शेवटचा हप्ताही अडकेल."

"म्हणूनच गवंड्याला आजच बोलवा. मी इथेच थांबते."

बैठकीत तिला बोलणी खावी लागली. पण दोन दिवसांत ओटा झाला, वर धुराला जाळी बसली, आजीनं आत चूल पेटवली. मगच फोटो निघाला आणि हप्ताही सुटला. पुढच्या घरकुलांच्या वेळी मात्र सरपंचांनीच जोत्यावर उभं राहून आधी चुलीची जागा आखून घेतली.

तात्पर्य : योजनेचं पहिलं उद्दिष्ट 2 कोटी 95 लाख घरांचं होतं, 2024 मध्ये त्यात आणखी 2 कोटींची भर पडली. एवढं मोठं काम उद्दिष्टाशिवाय होत नाही. पण घर कशाला म्हणायचं हे जो विसरतो, त्याचं उद्दिष्ट कागदावर पूर्ण होतं आणि माणूस उघड्यावरच राहतो. आकडा लिहिण्याआधी उंबरा ओलांडून आत जावं.