नावाचा रकाना

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. मनात आधी वडिलांचं नाव घ्या, मग आजोबांचं, मग पणजोबांचं. इथवर पुष्कळांना येतं; ज्यांच्या घरी श्राद्ध होतं त्यांना तर तीन पिढ्या लागतातच. आता पणजोबांच्या वडिलांचं नाव घ्या. आणि मग त्यांच्या बायकोचं.

बहुतेक जण इथे थांबतात. थांबा तसेच. लगेच कुणाला फोन करू नका, वंशावळीची वही शोधायला उठू नका. नाव संपतं त्या जागी आज थोडा वेळ बसायचं आहे.

मन जरा लांब न्या. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. तिथलं एक मजुराचं घर डोळ्यांपुढे आणा. बाप यंत्रमागावर, आईही मागावर, दहा वर्षांची पोर अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत. जमीन नाही, घर भाड्याचं. इतिहासात ज्याची ओळही लिहिली जात नाही, असं घर.

या घराचे आजचे वारस मागे जातात ते शिरगणतीचा हात धरून. आधी 1911 चा कागद घेतात. तो घरच्याच माणसाच्या अक्षरात असतो आणि त्यात लग्न झालेल्या बाईपुढे लिहिलेलं असतं : किती मुलं झाली, किती आहेत, किती गेली. तिथून दहा-दहा वर्षांनी मागे, 1901, 1891, 1881, असं करत 1841 पर्यंत. 1851 पासून प्रत्येकापुढे घरातल्या कर्त्याशी नातं आणि जन्माचं गाव आहे. 1841 मध्ये मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली जात, म्हणजे एकोणचाळीसचा माणूस कागदावर पस्तीसचा. आडनावाची अक्षरं दर दहा वर्षांनी बदलतात, बायकांची वयं दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढतात. मोजणारा दारात उभा राहून ऐकू येईल ते लिहीत होता, सांगणाऱ्याला स्वतःचं वय नीट ठाऊक नव्हतं. तरीही माणूस ओळखू येतो.

आता एका मुलावर थांबा. 1861 मध्ये ते आहे, वय दोन. 1871 च्या पानावर घर तेच, आईबाप तेच, धाकटी भावंडं आलेली. ते मात्र नाही. बारा वर्षांचं असायला हवं होतं. कामाला दुसऱ्या घरी गेलं असेल, आजीकडे असेल, किंवा गेलंच असेल. पानावर काही लिहिलेलं नाही. कागद फक्त त्या एका रात्री घरात कोण होतं तेवढं सांगतो. मधली जवळजवळ दहा वर्षं त्याच्या हिशेबात नाहीत. त्या मुलाचं नाव मात्र कुणीतरी एकदा उच्चारलं आणि कुणीतरी शाईनं लिहिलं. एवढंच मनात धरा.

त्या 1861 च्या मोजणीची तारीख होती 7 एप्रिल. पाच दिवसांनी, 12 एप्रिलला, अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ सुटली. दक्षिणेकडचा कापूस लँकेशायरला पोचेना, गिरण्या बंद पडल्या, ब्लॅकबर्नचे मागवाले उपाशी राहिले. आणि इकडे वऱ्हाडात पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचली. म्हणजे ब्लॅकबर्नच्या त्या घराचा आणि आपल्या वऱ्हाडातल्या अचलपूरच्या घराचा एक धागा आहे, अगदी खराखुरा, कापसाचा. त्यांच्या मागावर आपल्या शेतातला कापूस गेला आणि त्यांच्या गिरणीचं कापड आपल्या बाजारात आलं.

आता अचलपुरात या. तेव्हाचं सरकारी नाव एलिचपूर. सपन आणि बिचन या दोन नद्या, परकोटाचे दरवाजे, पलीकडे परतवाड्याची छावणी. सरमसपुरा, बिलनपुरा, हिरापुरा, अब्बासपुरा : आपल्या पत्त्याचा पुरा मनात घ्या. 17 फेब्रुवारी 1881 ची रात्र. शिरगणतीसाठी सरकार शक्यतो चांदण्याची, पण जत्रा-लग्नांची गर्दी नसलेली रात्र बघत असे, मोजणाऱ्याला गल्लीतून चालता यावं म्हणून. वऱ्हाडाला हे अगदी नवं नव्हतं. इंग्रजांनी 1867 मध्येच इथे एकदा डोकी मोजली होती.

एक विणकराचं घर कल्पा. कोष्ट्याचं म्हणा किंवा मोमिनाचं, दोघांच्याही घरात खड्ड्यातला माग सारखाच. धोटा थांबलेला आहे. दाराशी कुणीतरी लिहिता येणारा, पटवारी किंवा शाळामास्तर, कागद घेऊन उभा. तो विचारतो आणि घरचा माणूस सांगतो. नाव. धर्म. जात. वय, अंदाजानं. बोली. जन्म कुठला. धंदा काय. लिहिता-वाचता येतं का. आंधळा, बहिरा, महारोगी कुणी आहे का.

मग तो बायकांकडे वळतो. कांड्या भरणारी ती आत उभी आहे. परक्या माणसापुढे बाईचं नाव घ्यायला घरच्यांनी आढेवेढे घेतले, तर नावाच्या जागी नुसतं ‘स्त्री’ लिहावं, अशी मोजणाऱ्यांना मुभा होती. या जागी जरा जास्त थांबा. तिचं वय लिहिलं गेलं, धर्म लिहिला गेला, जात लिहिली गेली. एकच रकाना असा होता की ज्यात ती इतर कुणासारखी नव्हती, आणि नेमका तोच सोडून दिला.

पण कर्त्याचं नाव तरी लागलं ना, असं मनात येईल. लागलं. पुढे काय झालं तेही बघा. कागद गोळा झाले, आकडे काढले, तक्ते छापले आणि भरलेले कागद नष्ट केले. ब्लॅकबर्नच्या मजुराचा कागद सरकारनं शंभर वर्षं कुलपात ठेवून त्याच्या वारसाला उघडून दिला. तिथेही सगळं टिकलं असं नाही. 1931 चे कागद 1942 च्या आगीत गेले आणि 1941 ला युद्धामुळे मोजणीच झाली नाही. पण आपल्याकडे टाकून देणं हीच रीत होती. 1901 पासून तर प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी, धर्माप्रमाणे रंग वेगळा. चिठ्ठ्यांच्या राशी लावल्या, मोजल्या, संपलं. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या जनगणना कायद्यानंही घराघराची नोंद कुणाला बघायला मिळत नाही.

उरले ते आकडे. 1901 मध्ये एलिचपूर शहरात 26,082 माणसं. सगळ्या वऱ्हाडात 1891 साली 28,97,491 आणि 1901 साली 27,54,016. दुसरा आकडा पहिल्यातून वजा करा. 1,43,475. मधे 1896-97 आणि 1899-1900 चे दोन दुष्काळ आहेत. ही वजाबाकी म्हणजे मेलेल्यांची संख्या नव्हे; तिच्यात जन्म आहेत, पोटासाठी आलेले आहेत, गेलेले आहेत. तरी ती सावकाश पुन्हा म्हणा. आपल्या घरातलं कुणीतरी या वजाबाकीत असणं अगदी शक्य आहे. ब्लॅकबर्नच्या त्या दोन वर्षांच्या मुलासाठी निदान पानावरची एक रिकामी जागा दाखवता येते. आपल्याला तेवढीही नाही.

मग आपलं नाव कुठे सापडतं? कोतवाल बुकात. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू नोंदवायचा. अमुकच्या घरी मुलगा झाला, तमुक वारला, जात अमुक, ताप, देवी, महामारी. कितीतरी पानं मोडीत. जन्माच्या नोंदीत मूल बहुधा बिननावाचं असतं, कारण बारसं व्हायचं असतं. आई तर क्वचितच येते. या पिवळ्या पानांच्या नकलेसाठी आज तहसीलच्या अभिलेख कक्षाबाहेर माणसं उभी असतात. त्यांना पूर्वजांची ओढ लागलेली नसते. पोराच्या जात पडताळणीची मुदत आलेली असते. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी मोडी दप्तरं उपसली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक किंमत आली.

मला यात विरोधाभास वाटतो, पण तक्रार करवत नाही. इंग्लंडचा मजूर घराण्याच्या कौतुकासाठी पणजा शोधतो, आपल्याकडचा कास्तकार दाखल्यासाठी. दोघांच्याही बोटाखाली शेवटी तेच येतं, एक ओळ आणि तीत एक नाव. दाखल्यासाठी गेलेला माणूस ‘मृत्यू, महामारी, वय 9’ हे वाचून त्या पानाशी थबकतच नसेल, असं मी मानत नाही.

श्वास सोडा. आता मनातल्या त्या बिननावाच्या बाईकडे परत या. तिचा चेहरा कल्पू नका, तो खोटा असेल. जे खात्रीचं आहे तेवढंच ठेवा : ती होती, तिला मोजलं गेलं, आणि तिच्यामुळे तुम्ही इथे बसला आहात.

मग डोळे उघडा आणि घरात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिच्याजवळ जा. तिला तिच्या आईचं नाव विचारा. माहेरचं वेगळं आणि सासरचं वेगळं, दोन्ही. आजीचंही विचारा. कोणत्या पुऱ्यात राहायच्या, काय काम करायच्या, बहिरमच्या जत्रेला कुणाबरोबर जायच्या. ‘कायले पाह्यजे तुले हे?’ असं ती म्हणेल. दाखल्यासाठी नाही, एवढं सांगा आणि वहीत वडिलांच्या ओळीत न कोंबता नव्या ओळीवर तिनं सांगितलेलं नाव लिहा. त्यापुढे आजची तारीख टाका आणि सांगणारीचंही नाव लिहा.