घाट ओलांडणारी पेटी

डिसेंबर संपत आला की रविवारच्या पुरवण्यांत याद्या येऊ लागतात. वर्षभरातली वाचनीय पुस्तकं, चुकवू नयेत अशा कादंबऱ्या, अमुक लेखकाने सुचवलेली पाच पुस्तकं. सोबत एक सल्ला असतोच: एकाच प्रकारचं वाचत राहू नका. दोन कादंबऱ्या झाल्या की एक चरित्र घ्या, मग थोडं विज्ञान, थोडा इतिहास, अधूनमधून कविता. सल्ला वाईट नाही. पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक वाचक असतो. तो पुस्तकांच्या दुकानात उभा आहे, चारही भिंती भरलेल्या आहेत, खिशात पैसे आहेत आणि त्याचं वाचन अरुंद झालं असेल तर ते केवळ त्याच्या सवयीमुळे.

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागून सावळघाट ओलांडला की हा वाचक मागे राहतो. पेठ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार. दहात नऊहून अधिक माणसं आदिवासी: कोकणा, महादेव कोळी, वारली. पावसाळ्यात भात, नागली आणि वरई. दिवाळी झाली की अनेक घरांतली कर्ती माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जातात. इथे खतं-बियाणी, कपडे, मोबाइल आणि शाळेच्या वह्या बाजारात मिळतात. नवी कादंबरी हवी असेल तर नाशिकची एसटी पकडायची आणि साडेतीनशे-चारशे रुपये मोजायचे, म्हणजे बागेतली जवळजवळ एका दिवसाची मजुरी. अशा ठिकाणी ‘विविध वाचा’ असं सांगणं म्हणजे ज्याच्यापुढे निवडच ठेवलेली नाही त्याला चोखंदळपणा शिकवणं.

म्हणून मला वाटतं, विविध वाचनाचा प्रश्न वाचकाच्या आवडीपासून सुरू करूच नये. आधी विचारावं की त्याच्या हाताच्या अंतरावर काय आहे आणि ते तिथे कोणी ठेवलं.

ठेवण्याची सरकारी वाट आपल्याकडे जुनी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि छोट्या गावाचं वाचनालय बहुधा ‘ड’मध्ये बसलं. शासनाची ग्रंथनिवड समिती याद्या काढते, अनुदानातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च होतो. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. प्रत्यक्षात या व्यवहारातले लोक खासगीत एक गोष्ट सांगतात, आणि कपाटं उघडली की तीच दिसते: पुस्तक निवडलं जातं ते अनेकदा कमिशन बघून. मग थोर पुरुषांची साठ-सत्तर पानी चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास, लोणच्या-मुरंब्यांच्या पाककृती आणि जुन्या कथांची नव्या मुखपृष्ठांत बांधलेली संकलनं. दाखल नोंदवहीत बघावं तर कथा आहे, चरित्र आहे, विज्ञान आहे, बालसाहित्य आहे. एकही रकाना रिकामा नाही. देवघेव नोंदवहीत मात्र तीच आठ-दहा नावं फिरत असतात. साहित्यप्रकारांची बेरीज म्हणजे विविधता, ही समजूत किती पोकळ आहे हे या दोन वह्या शेजारी ठेवल्या की कळतं.

साताऱ्याच्या भिलारमध्ये २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ उभं राहिलं. तिथे एका घरात कादंबऱ्या, एका घरात चरित्रं, एका घरात बालसाहित्य अशी रचना आहे. स्ट्रॉबेरीच्या गावात ओसरीवर बसून वाचता येणं ही सुरेख गोष्ट आहे, तिची चेष्टा मला करायची नाही. पण घराघरांत वाटलेले साहित्यप्रकार बघताना वाटतं की कादंबरीच्या घरात शिरलेला माणूस कादंबरीच्याच घरातून बाहेर पडणार. शेजारच्या घरी जायला त्याला काही कारण हवं, आणि ते कारण पाटीवर लिहिता येत नाही.

ज्या योजनेने या प्रश्नाला, कदाचित ठरवून नव्हे, पण बरंच जवळून हात घातला, ती नाशिकचीच. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पंचवीस पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती शेजारपाजारच्या वाचकांचा एक गट, आणि काही महिन्यांनी त्या पेटीची दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. पैसा देणग्यांचा, त्यातही अनेकदा वाढदिवसाच्या निमित्ताने दिलेला. पेट्या महाराष्ट्रभर गेल्या, तुरुंगात गेल्या, दुबईपासून पुढे परदेशांतल्या मराठी घरांत गेल्या. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे, त्या शहराला वाचनालयाच्या भिंतीही काढून टाकाव्याशा वाटल्या, हे मला त्या वाचनालयाच्या परंपरेला धरूनच वाटतं.

पेटीचा खरा गुण तिच्या लहानपणात आहे. पाच हजार पुस्तकांपुढे उभा राहिलेला वाचक ओळखीचंच नाव शोधतो. पंचवीस पुस्तकांत ओळखीची चार असतात, ती शेजाऱ्याने आधीच नेलेली असतात आणि उरलेल्यांतलं काहीतरी घ्यावं लागतं. कादंबरी वाचणाऱ्या काकूंच्या हाती एखाद्या शल्यविशारदाचं आत्मचरित्र येतं ते असं. स्वतःच्या आवडीचा कस लागतो तो दुसऱ्याने निवडलेल्या पुस्तकापुढे. मोबाइलवरच्या शिफारशी नेमकं उलटं करतात. काल जे आवडलं त्याचाच चुलतभाऊ आज पुढे करतात. वाचकाने स्वतःच निवडावं, दुसऱ्याने का ठरवावं, असा आक्षेप यावर येईल. पण आपण सगळे दुसऱ्याच्याच निवडीतून वाचत आलो: प्रकाशकाच्या, परीक्षकाच्या, शाळेतल्या मराठीच्या बाईंच्या. फरक एवढाच की काही निवडणारे दिसतात आणि काही दिसत नाहीत.

आता अशी एक पेटी पेठसाठी भरायची आहे असं समजू. इथे नाशिक-पुण्याच्या माणसाचे दोन प्रकारे पाय घसरतात. पहिला प्रकार म्हणजे शहरात गाजलेलं तेच तिकडे पाठवणं: ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’. पुस्तकं मोठीच आहेत. पण पेशवे आणि महाभारत यांच्या पलीकडे मराठी कादंबरीला जंगल दिसलंच नाही, असा समज त्यातून पक्का होतो. दुसरा प्रकार जास्त सुशिक्षित आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. आदिवासी वाचक आहेत ना, मग आदिवासींवरचीच पुस्तकं द्या. जणू करंजाळीच्या मुलीला खुनाचं रहस्य उलगडण्यात किंवा जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेत रस असूच शकत नाही. पुण्याच्या वाचकाने जग वाचायचं आणि पेठच्या वाचकाने फक्त स्वतःला, ही वाटणी कोणी केली?

या दोन्हींमधून वाट काढायची तर पुस्तकं साहित्यप्रकारांनी न जोडता प्रश्नांनी जोडावी लागतील. एक धागा घेऊन बघू. पेठ-सुरगाण्याकडे, पलीकडे मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. गावातली माणसं रात्रभर देवांची, दैत्यांची सोंगं नाचवतात. कुठलं सोंग कोणत्या घराकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मुखवट्याआड शेजारचाच माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी सोंग समोर आलं की हात जोडले जातात. आता नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची १९५८ ची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ घ्या. त्यातही इग्बो गावातले वडीलधारे पूर्वजांचे मुखवटे चढवून न्यायनिवाड्याला बसतात. एका मुखवट्याची चाल नायक ओकोंक्वोसारखी आहे, हे त्याच्या बायकांच्या लक्षात येण्याजोगं असतं, पण असं कोणी बोलून दाखवत नाही. शहरातल्या वाचकाला हा प्रसंग तळटीप देऊन समजवावा लागतो. बोहाडा पाहिलेल्याला काहीच समजवावं लागत नाही. आफ्रिकेची ती कादंबरी सदाशिव पेठेपेक्षा या पेठेला जवळची आहे. मग पुढे मिशनरी येतात, न्यायालय येतं, गावाचा कणा मोडतो, तेव्हा हा वाचक परक्याची गोष्ट वाचत नसतो, आणि तरीही ती आपली नाही हेही त्याला ठाऊक असतं. विविध वाचन म्हणतात ते यासाठी हवं.

याच धाग्याने पुढे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ येईल. १९४५ नंतरचा ठाणे जिल्ह्यातला वारल्यांचा लढा, वेठबिगारी मोडण्याची हकीकत, लढ्यात उतरलेल्या बाईने लिहिलेली. त्याच्याशेजारी नजुबाई गावितांची ‘तृष्णा’ ठेवावी, म्हणजे बाहेरून आलेल्या कार्यकर्तीची नजर आणि आतल्या बाईची नजर यांतला फरक वाचकाचा वाचकच ताडेल. मग महाश्वेतादेवींची बिरसा मुंडांवरची कादंबरी. आणि तिच्यालगत, कपाळाला आठी न घालता, २००६ च्या वनहक्क कायद्याचं साध्या मराठीतलं पुस्तक. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांत या पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येने होती आणि त्यांच्या मागण्यांत वनजमिनींच्या दाव्यांची मागणी अग्रभागी होती. कायद्याचं पुस्तक आणि कादंबरी या दोन वेगळ्या कपाटांतल्या गोष्टी आहेत हे ग्रंथपालाला वाटतं. ज्याचा दावा तालुक्याला अडकला आहे त्याला वाटत नाही.

दुसरा धागा नागलीचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरात नागलीची बिस्किटं विकायला आली. नागली मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली, काही हजार वर्षांपूर्वी भारतात आलेली. पिकांच्या प्रवासावरचं सोपं, चांगलं पुस्तक मराठीत कोणी लिहिलं, तर पेठच्या चुलीवरची भाकरी जगाच्या इतिहासाचं पहिलं पान होऊ शकते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ त्याच्या शेजारी शोभेल. जंगल रोज पाहणाऱ्याला ते कसं वाटेल याची मला उत्सुकता आहे. कदाचित तो म्हणेल, बाई छान लिहितात, पण झाडाचा उपयोग सांगत नाहीत.

सर्वांत मोठी उणीव जाणवते ती पेठबद्दलच्याच पुस्तकांची. पेठ हे एके काळी संस्थान होतं. १८५७ च्या धामधुमीत हरसूलचा बाजार लुटला गेला आणि संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतराव नीळकंठराव यांना इंग्रजांनी फाशी दिलं. १८७८ मध्ये शेवटच्या बेगमेच्या निधनानंतर संस्थान खालसा झालं. हे सगळं बऱ्याच तपशिलाने मिळतं ते १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये, इंग्रजीत, आणि लिहिणाऱ्या सरकारच्या नजरेतून. ज्या सरकारने फाशी दिली त्याच्याच दप्तरातून त्या फाशीची गोष्ट कळावी लागते. त्यावर कादंबरी होऊ शकते, संशोधन होऊ शकतं, आठवीच्या मुलासाठी चाळीस पानांची पुस्तिका तर नक्कीच होऊ शकते.

सीमेपलीकडे धरमपूरकडे वेगळं उदाहरण घडलं. तिथे डाह्याभाई वाढू यांनी कुंकणा बोलीतली रामकथा जमवून छापून आणली. थाळीच्या नादावर गायल्या जाणाऱ्या कथांना पुस्तकाचं रूप मिळालं. बोली तीच, डोंगर तेच, मधे राज्याची हद्द. पेठच्या पेटीत ते पुस्तक नसेल तर पेटी कितीही ‘विविध’ असो, अपुरीच म्हणायची. शहरातून येणाऱ्या पेट्यांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे: त्या घाट ओलांडून जातात, पण परतताना तिकडचं काहीच आणत नाहीत. अदलाबदल दोन्ही बाजूंनी व्हायची असेल तर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या गटाच्या पेटीतही कुंकणा रामकथा आली पाहिजे. त्यांची विविधता तरी कुठे पुरी झाली आहे?

सरकारी आश्रमशाळांना यात मोठी संधी आहे. तिथल्या कपाटांत ‘श्यामची आई’ असतेच, आणि असावीच. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण त्याच नाशिकने विहितगावच्या बाबूराव बागुलांच्या कथा आणि त्र्यंबकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली, हे दहावीच्या मुलामुलींना कळायला हरकत काय आहे? ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाचायला पंधरावं वर्ष लवकर होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पंधराव्या वर्षी कामाला गेलेल्या मुलांना भेटावं.

आता व्यवहाराचं. पेटीतली पंचवीसच्या पंचवीस पुस्तकं शहाण्या माणसांनी ठरवू नयेत. पाच जागा मागणीसाठी सोडाव्यात. मागणी काय येईल हेही उघड आहे: पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. पेसा क्षेत्रातल्या भरतीकडे घरं डोळे लावून बसलेली असताना तरुणाने कविता मागावी ही अपेक्षा फक्त पोट भरलेल्यांना सुचते. ती गाइडं नाक न मुरडता द्यावीत. त्यांच्यामुळे पेटी उघडली जाते. आणि पेटीची अदलाबदल शहराच्या सोयीने, दर तिमाहीला ठरवून करू नये. आवणीच्या दिवसांत कोणी वाचणार नाही. आवणी सरल्यावर गणपतीपासून दिवाळीपर्यंत वाचायला थोडी उसंत असते, आणि त्यानंतर गट विखुरतो. तेव्हा पेटी पेठमध्ये कुलपात ठेवण्यापेक्षा माणसं जातात तिथे, दिंडोरीच्या बागांवरच्या राहुट्यांत पाठवावी. चार पुस्तकं चिखलात जातील, दोन हरवतील. ग्रंथालयाच्या नियमात त्याला गहाळ म्हणतात आणि वसुली काढतात. या पेटीच्या हिशेबात तो खर्च आधीच धरून ठेवावा.