उत्तर नसलेला निरोप

पेजर नावाचे यंत्र आपल्या देशात १९९५ च्या सुमारास आले आणि मोबाइल फोन सर्वांच्या हाती येताच दिसेनासे झाले. कमरेला अडकवलेल्या त्या डबीवर निरोप येई. तिच्यातून उत्तर मात्र धाडता येत नसे. माझ्या पिढीने ती वापरली नाही. मला ती भेटली महाविद्यालयाच्या वसतिगृहात, संगणकावरच्या एका खेळात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतला हा तिसरा खेळ २००१ साली निघाला. त्यातल्या लिबर्टी सिटी या कल्पित शहरात नायक गुंडांची कामे करीत हिंडतो. पेजर वाजतो, निरोप सरकत जातो आणि हा निघतो. गंमत अशी की, हा नायक सबंध खेळात एक अक्षरही बोलत नाही. वाचा असती तरी पेजरवर ती फुकटच गेली असती म्हणा!

पुढे सरकारी नोकरीनिमित्त परमुलखात आल्यावर, टेबलावरचा फोन खणखणला की हा मुका नायक मला आठवू लागला. न दिसणाऱ्या आवाजाची आज्ञा पाळणाऱ्याच्या माथी तिच्या परिणामांचे पाप किती?

‘बायोशॉक’ या २००७ च्या खेळात हाच प्रश्न उघडपणे येतो. समुद्राखालच्या नगरीत खेळाडू रेडिओवरच्या एका आवाजाच्या विनंत्या पाळत जातो आणि फार उशिरा त्याला कळते की, त्या विनंत्यांत वारंवार येणारा एक सौजन्याचा शब्दप्रयोग हाच त्याला बांधून ठेवणारा मंत्र होता. पुष्कळांना हा नायक कीव करण्याजोगा वाटतो. मला तो भाग्यवान वाटतो. त्याच्यापाशी निदान मंत्राची सबब आहे. पेजरवाल्यापाशी तीही नाही. तो निरोपाप्रमाणे गेला नाही, तर शहर खुशाल वाट पाहते. पाऊस पडत राहतो, टॅक्सी चालवून पोट भरता येते. तरीही आपण खेळणारे त्याला नेतोच. अर्जुनाला सांगणारा निदान त्याच्याच रथात बसला होता. अर्जुनाने पोटभर शंका विचारल्या, आणि अखेर निर्णय त्याच्यावरच सोपविला गेला.

यावर अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दुसऱ्याला विजेचे झटके देण्याची आज्ञा होती. झटके खोटे होते, पण देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. एका प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. आज्ञा करणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला, तेव्हा असे जाणारे जेमतेम पंचमांश उरले. मला अधिक विचारात पाडले ते काहींच्या वागण्याने. ते फोनवर “वाढवतो आहे” असे सांगत आणि हाताने सर्वांत सौम्य बटण दाबीत.

मी त्यांना लबाड म्हणू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका विधवा बाईंच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाची फाइल माझ्याकडे होती. दोन कागदांवर नावाच्या वर्णलेखनात एका अक्षराचा फरक होता. वरिष्ठांचा फोन आला, आजच्या आज त्रुटी दाखवून परत करा. मी म्हणालो, “भेज दी, सर.” फाइल माझ्या खणात होती. मी बाईंच्या मुलाला कळविले. चौथ्या दिवशी तो प्रतिज्ञापत्र घेऊन आला, ते जोडून मी फाइल वर पाठविली. साहेबांनी सही केली. त्यांना काही आठवल्याचे दिसले नाही.

मित्र म्हणतात, उत्तम केलेस. परंतु मी आज्ञेला नकार दिला नव्हता. पेजरवरच्या माणसासारखा मीही निरुत्तरच राहिलो, फक्त निघालो नाही. टिपणी लिहून मतभेद नोंदविला असता तर कदाचित रीतच बदलली असती. कदाचित माझी बदली झाली असती. तशाच एका अक्षराच्या त्रुटीच्या आणखी दोन फायली त्याच आठवड्यात परत गेल्या. त्यांच्या अर्जदारांचे फोन क्रमांक फायलीत नव्हते. जावक नोंदवहीत त्या दोन्हींपुढचे हस्ताक्षर माझेच आहे.