पैशुन्य आणि साक्ष

दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याची खबर सरकारात द्यावी की न द्यावी, असा प्रश्न हल्ली कीर्तन आटोपल्यावर पुष्कळदा कानी येतो. विचारणारे माळकरी असतात. स्वतः थेंबाला शिवत नाहीत. पण वारीच्या वाटेवर त्यांची गाठ गाडीवाल्यांशी पडतेच. दिंडीचे सामान वाहणारा ट्रक, पाण्याचा टँकर, परतीची भाड्याची जीप, यांतले काही टळत नाही. एका गावी एक वृद्ध वारकरी म्हणाले, "महाराज, ड्रायव्हर पिऊन बसलाय हे डोळ्यांना दिसतंय. पण चहाडी करायची म्हणजे गीतेच्या विरुद्ध नाही का झालं?"

प्रश्न वरवरचा नाही. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीचे गुण मोजले, त्यांत 'अपैशुन' हा एक आहे. पैशुन्य म्हणजे काय? आचार्यांनी भाष्यात सांगितले आहे की, एकाचे छिद्र दुसऱ्यापुढे उघडे करणे म्हणजे पैशुन्य. आता पूर्वपक्ष पाहा किती बळकट झाला! ड्रायव्हर पितो हे त्याचे छिद्र, पोलीस हा दुसरा, आणि फोन करणारा मी पिशुन. मग माझी दैवी संपत्ती गेली की!

पण शब्दाचा अर्थ शब्दाजवळ बसून पाहावा लागतो. छिद्र म्हणजे झाकलेली, आतली उणीव. कोण घरी कोणाशी भांडतो, कोणाच्या पोराने काय केले, कोणाचे कर्ज थकले, हे चव्हाट्यावर मांडणे ते पैशुन्य. ते करणारे आपल्यात थोडे नाहीत, आणि त्यांना हा प्रश्न कधी पडत नाही हीही मौजच. परंतु सात-आठ टनांचा ट्रक रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात चालला आहे, हे कोणाचे झाकलेले छिद्र? ते तर शंभर माणसांच्या अंगावर येणारे उघडे संकट आहे. शिवाय ज्या श्लोकात अपैशुन आहे त्याच श्लोकात अहिंसा आहे, सत्य आहे आणि भूतांच्या ठिकाणी दयाही आहे. एक शब्द उचलून बाकीचे तीन टाकून द्यायचे, असा अर्थ कोणत्या मीमांसेत बसतो?

कोणी म्हणेल, महाभारतात कौशिकाची कथा आहे ना? कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला ती सांगतात. कौशिक तपस्वी, खरेच बोलण्याचे व्रत घेतलेला. चोरांच्या भयाने पळालेली माणसे रानात लपली. चोरांनी विचारले, आणि याने खरे सांगून टाकले. माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. तेव्हा जे दिसले ते सांगत सुटू नये, मौन बरे, असा बोध काही जण काढतात. मला तो पटत नाही. कौशिकाने निराधार जीव घातक्यांच्या हाती दिले, म्हणून त्याचे बोलणे पाप ठरले. येथे निराधार कोण? कडेने चालणारी दिंडी, सायकलवरचा शाळकरी पोर, फुटपाथवर अंग टाकलेला मजूर. येथे मौन धरणे हेच त्यांना घातकाच्या स्वाधीन करणे आहे. कथा तीच, पण पारडे उलटे.

मजुरांचे मी उगाच म्हटले नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याकडच्या कार्टर रोडवर फुटपाथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात मद्य सापडले होते. खटला वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तीन वर्षांची शिक्षा कायम केली. सात जीव, आणि झोपेत! आपणही वारीत कोठे झोपतो? शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या पडवीत, नाही तर सडकेच्या कडेला ताडपत्रीखाली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनी येथे कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी गेले. तिथले कारण काहीही असो, चालत्या माणसांत गाडी शिरली म्हणजे काय होते ते आपल्या लोकांनी पाहिले आहे.

खरी अडचण परक्या गाडीची नाहीच. महामार्गावरच्या अनोळखी ट्रकचा नंबर ११२ ला कळवायला कोणाची जीभ अडत नाही, आळस तेवढा आडवा येतो. अडचण आपल्या गाडीची. दिंडीचा ट्रक, ड्रायव्हर गावचाच, दहा वर्षे सेवा करणारा. रात्री मुक्कामाचे तंबू उतरवून झाले की कोठे तरी जाऊन येतो, आणि पहाटे पुढच्या तळाकडे गाडी काढतो तेव्हा तोंडाचा वास लपत नाही. विणेकऱ्याला माहीत, क्लीनरला माहीत, स्वयंपाकाच्या बायांना तर सगळ्यांत आधी माहीत. पण बोलत कोणी नाही. का? तर दिंडीची अब्रू जाईल. त्याच्या पोटावर पाय येईल. आणि पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल तो वेगळाच.

अब्रूचे आधी पाहू. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न टाकला तेव्हा भीष्मादी सारे खाली माना घालून बसले. त्या वेळी विदुराने प्रल्हादाचा दाखला दिला आहे. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा ब्राह्मण यांनी श्रेष्ठ कोण यावर प्राणांची पैज लावली, आणि निवाड्याला आले ते प्रल्हादाकडेच. एका बाजूला पोटचा पोर. प्रल्हादाने कश्यपांना विचारले की, जाणूनही जो बोलत नाही त्याची गती काय? कश्यपांनी पापाची वाटणी सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. जेथे निंद्य कर्माची कोणी निंदा करीत नाही, तेथे अर्धे पाप त्या सभेतल्या श्रेष्ठाला, एक चतुर्थांश करणाऱ्याला, आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांना. म्हणजे हिशेब करा. पिऊन गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरला चार आणे, दिंडीच्या मालकांना आठ आणे, आणि ट्रकात मागे बसून 'आपल्याला काय करायचंय' म्हणणाऱ्यांना मिळून चार आणे! प्रल्हादाने पुत्राविरुद्ध निवाडा दिला. तेव्हा सुधन्व्याने संतोषून विरोचनाचे प्राण परत केले. खरे बोलल्याने पोरगा गेला नाही, वाचला. प्रत्येक वेळी असेच होईल अशी हमी मी देत नाही, पण गप्प बसून ड्रायव्हर वाचतो ही समजूत तरी सोडावी. झाडावर आदळलेल्या ट्रकात पहिला तोच असतो.

आता पोलिसांचे. आपण साक्ष द्यायची आहे, निवाडा नव्हे. 'अमुक नंबरचा ट्रक, अमुक फाट्यावरून अमुक दिशेने, असा असा चालला आहे', एवढे सांगितले की आपले काम झाले. तो प्यायला आहे की नाही हे फुंकर घालायच्या यंत्राने आणि डॉक्टरने ठरवायचे. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य अशी आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. आणि जो मालक किंवा म्होरक्या अशाला 'चल, काढ गाडी' म्हणून भरीस घालतो, त्यालाही कलम १८८ प्रमाणे तीच शिक्षा आहे. कश्यपांचे आठ आणे सरकारनेही अगदीच सोडलेले नाहीत! निवाडा आपल्याकडे नाही याचा दुसराही लाभ आहे. मधुमेहाच्या माणसाची साखर एकाएकी उतरली तर तोही झिंगल्यासारखा दिसतो, जीभ जड होते, हात कापतात. त्याला दारुडा म्हणून चोप देणारे लोक मी पाहिले आहेत. फोन गेला, गाडी थांबली, तर अशाचाही जीव वाचतो. म्हणून जमाव करू नये, हात उगारू नये. मात्र जुन्या भांडणाचा वचपा काढायला न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणे, ते पैशुन्याहूनही वाईट. ती खोटी साक्ष होय.

त्या वृद्धांना मी एवढेच विचारले की, आधी त्याच्याशी बोललात का? म्हणाले, नाही. तर क्रम असा असावा. पहिल्याने किल्ली काढून घ्यावी, झोपवावे, तंबू दोन तास उशिरा पोहोचले तरी उन्हात बसू. ऐकले नाही आणि गाडी निघालीच, तर मग क्षणाचाही विलंब न करता ११२. राहता राहिला पोटाचा प्रश्न. तो खोटा नाही. परवाना अडकला तर घरची चूल थंडावते, आणि बायकापोरांनी काही प्यायलेले नसते. दिंडीच्या भिशीत दरसाल जेवणावळीला जे पैसे राहतात त्यांतून त्या घरी दोन महिन्यांचा शिधा पोहोचवता येतो, व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्यात त्याला नेता येते. आणि निघतानाच ट्रकावर दोन ड्रायव्हर घ्यावेत, कारण एकाच माणसाला रात्रंदिवस राबवले की तो न पिताही डुलक्या घेतो, त्याचे पाप मात्र सगळे आपल्याच खाती.